संगीतोपचाराची उमेदवारी

अमुक विकारावर अमुक राग, अशा याद्या मराठी वाचकाला नव्या नाहीत. झोप येत नसेल तर हा राग, रक्तदाब वाढला असेल तर तो, मन उदास असेल तर तिसराच. छापील लेखांपासून मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांपर्यंत या याद्या सगळीकडे भेटतात. त्यांच्यामागे एक गृहीतक असते: गुण रागात आहे, आणि गोळीसारखा तो कोणीही, कोणालाही, केव्हाही द्यावा, परिणाम ठरलेलाच. हे गृहीतक खरे असते तर संगीतोपचार शिकायला एक यादी आणि एक चांगला स्पीकर पुरला असता. पण जिथे हा व्यवसाय गेली पाऊणशे वर्षे शिस्तीने उभा आहे, तिथे गळा आणि हात तयार असलेल्या विद्यार्थ्यालाही रुग्णांमध्ये शेकडो तास उमेदवारी केल्याशिवाय उपचारक म्हणवून घेता येत नाही. या उमेदवारीत तो काय शिकतो, हे नीट पाहिले की संगीतोपचार म्हणजे नेमके काय, याचाही उलगडा होतो. माझे म्हणणे असे आहे की या उपचाराचा कणा म्हणजे सुरांबद्दल क्षणोक्षणी घेतला जाणारा निर्णय: कोणते गाणे, कोणत्या पट्टीत, किती लयीत, किती वेळ, आणि कधी थांबायचे. ही निर्णयाची कुवत ग्रंथातून येत नाही आणि मैफल गाजवूनही येत नाही. ती रुग्णाशेजारी, जाणत्याच्या देखरेखीखाली काम करतानाच येते.

उमेदवारीची ही अट अनुभवातून जन्माला आली. दोन्ही महायुद्धांच्या काळात आणि त्यानंतर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हौशी आणि व्यावसायिक वादक जाऊन कार्यक्रम करू लागले. शरीराने आणि मनाने मोडून आलेल्या जवानांवर त्याचा परिणाम होतो आहे, हे डॉक्टरांना आणि परिचारिकांना दिसले, म्हणून रुग्णालयांनी वादकांना कामावर घ्यायला सुरुवात केली. मग लवकरच लक्षात आले की उत्तम वाजवता येणे आणि आजारी माणसासाठी वाजवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचे शिक्षण कोणाकडेच नाही. त्या गरजेतून १९४४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात संगीतोपचाराचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, १९४६ मध्ये कॅन्सस विद्यापीठाने तो घेतला आणि १९५० मध्ये या क्षेत्राची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनच्या निकषांनुसार विद्यार्थ्याला एकूण किमान १,२०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि त्यांतले किमान ९०० तास इंटर्नशिपचे असतात. त्यानंतरच १९८३ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र प्रमाणन मंडळाची परीक्षा देता येते, आणि मिळालेल्या प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ब्रिटनमध्ये तर संगीतोपचारक ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे; नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ती लावता येत नाही.

इंटर्नशिपचा क्रम साधारणपणे चार पायऱ्यांचा असतो: आधी पाहायचे, मग हाताखाली मदत करायची, मग मार्गदर्शकाच्या जोडीने सत्र घ्यायचे आणि शेवटी स्वतः. यातली पहिली पायरी संगीतकाराला सर्वांत अवघड जाते, कारण आयुष्यभर त्याने वाजवायचा रियाज केलेला असतो, वाजवणाऱ्यापलीकडे बसलेल्या माणसाकडे पाहण्याचा नव्हे. इथे त्याला श्वासाची गती, खांद्यांचा ताण, नजर कुठे वळते, बोटे ठेका धरतात की मुठी आवळल्या जातात, हे टिपायला शिकवतात. दुसरी सवय लागते ती नोंदी लिहिण्याची. ‘रुग्णाला गाणे आवडले’ ही नोंद उपचाराच्या कामाची नसते. किती वेळा स्वतःहून शब्द उच्चारला, किती मिनिटे लक्ष टिकले, वेदना दहापैकी किती सांगितली, आणि गेल्या सत्राच्या तुलनेत काय बदलले, हे लिहावे लागते. कारण संगीतोपचाराचे उद्दिष्ट संगीतात नसते. रुग्ण सुरात गायला की नाही, याने काही ठरत नाही. त्याला बोलता, चालता, झोपता, सोसता किंवा इतरांशी जोडून घेता येऊ लागले का, याने सगळे ठरते. संगीताच्या वर्गात वर्षानुवर्षे बेसूर टाळण्याचे धडे घेतलेल्या तरुणाला रुग्णाचा बेसूर, पण स्वतःहून आलेला आवाज हीच कमाई वाटू लागते, तेव्हा त्याच्या दृष्टीत खरा बदल झालेला असतो.

निर्णय म्हणजे नेमके काय, हे कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाकडे पाहिले की स्पष्ट होते. या आजारात मेंदूतली हालचालींची आतली लय बिघडते. पावले आखूड पडतात, घसटतात, कधी जागीच थिजतात. श्रवण आणि हालचाल यांचे मेंदूतले दुवे घट्ट असल्यामुळे बाहेरून ऐकू येणारा ठाशीव ठेका त्या बिघडलेल्या लयीला आधार देतो. अमेरिकेतील संशोधक मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन आठवडे अशा ठेक्यावर चालण्याचा सराव केलेल्या रुग्णांचा चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला होता. आता ही गोष्ट खोलीत कशी घडते ते पाहा. उपचारक आधी काहीच वाजवत नाही. रुग्णाला त्याच्या नेहमीच्या चालीने चालू देतो आणि मिनिटाला किती पावले पडतात ते मोजतो. समजा ती ८० पडली. मग मेट्रोनोम ८० वर लावून गिटारवर त्याच लयीत साधे, ठसठशीत वादन सुरू होते. पाऊल आणि ठोका जुळले, चाल स्थिर झाली, की लय पाच ते दहा टक्क्यांनी वाढते, म्हणजे ८४ ते ८८. तोल जातो आहे किंवा दम लागतो आहे असे दिसले, तर वाढवलेली लय लगेच खाली येते. शेवटी वादन हळूहळू विरत जाते आणि आवाजाशिवायही चाल टिकते का, हे तपासले जाते. इथे गाण्याचे सौंदर्य दुय्यम आहे. नक्षीदार वादनाने ठोका झाकला गेला तर रुग्ण अडखळून पडू शकतो. आपली कला आवरती घेण्याचा हा धडा मैफलीच्या व्यासपीठावर मिळत नाही.

वाचाघाताचे उदाहरण याहून नाजूक आहे. पक्षाघातानंतर काही रुग्णांना समोरच्याचे बोलणे कळते, पण स्वतःला शब्द फुटत नाही. तरी तेच रुग्ण पाठ असलेल्या गाण्याचे शब्द अनेकदा स्पष्ट म्हणतात. या विसंगतीचा उपयोग करणारी पद्धत अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये मांडली. तिच्यात रोजच्या गरजेचे छोटे वाक्य दोन सुरांत, संथपणे म्हणायचे असते आणि प्रत्येक अक्षराबरोबर रुग्णाच्या डाव्या हाताने टाळी किंवा थाप द्यायची असते. मराठी रुग्णासाठी ‘पाणी हवं’ हे वाक्य घेतले तर चार अक्षरे, चार थापा. आधी उपचारक ते नुसते गुणगुणतो, मग दोघे मिळून म्हणतात, मग उपचारक मध्येच आपला आवाज मागे घेतो आणि रुग्णाने ते पुरे करायचे, आणि बऱ्याच सरावानंतर ‘काय हवं?’ या प्रश्नाला रुग्णाने तेच वाक्य उत्तर म्हणून द्यायचे. सुरामुळे फरक पडतो की लयीमुळे, की पाठ झालेल्या वाक्यप्रयोगांमुळे, यावर संशोधकांत आजही वाद आहे. पण खोलीतला कसोटीचा क्षण तो आवाज मागे घेण्याचा. फार लवकर मागे घेतला तर रुग्ण अडकतो आणि खचतो. फार उशिरा घेतला तर तो कायम दुसऱ्याच्या आवाजावर टेकून राहतो. तो क्षण कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नसतो. तो रुग्णाच्या ओठांच्या हालचालीत दिसतो आणि अनेक रुग्णांजवळ बसल्यावरच ओळखू येतो.

या शिक्षणाची कठीण परीक्षा होते ती नवजात अतिदक्षता विभागात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या शिफारशीनुसार तिथला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, म्हणजे साध्या बोलण्यापेक्षाही हळू. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या जोॲन लोवी आणि सहकाऱ्यांनी ११ रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित उपचारकांच्या साहाय्याने प्रत्यक्ष म्हटलेली अंगाई आणि श्वासाशी, हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेले मऊ आवाज यांमुळे बाळांच्या हृदयगतीवर, झोपेवर आणि दूध ओढण्यावर चांगला परिणाम दिसला. आईवडिलांचा ताणही कमी झाला. यात आईवडिलांनी स्वतः निवडलेले गाणे, ते मूळचे कोणत्याही ढंगाचे असो, अंगाईच्या संथ झुलत्या लयीत बसवून म्हटले जात होते. पण तेच गाणे बाळाला सोसले नाही तर त्रासही देते. बाळ तोंड फिरवते, उचकी लागते, त्वचेचा रंग बदलतो, किंवा तळहात बाहेर करून बोटे फाकवली जातात. ही खूण दिसताच ओळ अर्धवट असली तरी आवाज थांबवायचा, हा नियम. समेवर येईपर्यंत न थांबण्याची सवय ज्याच्या अंगात भिनली आहे, त्याला हे नव्याने शिकावे लागते.

यावर आपल्याकडचा पहिला आक्षेप परंपरेच्या बाजूने येईल. रागांचे समय, त्यांचे रस, त्यांचा मनावर होणारा परिणाम यांचा विचार आपल्या पूर्वसुरींनी शतकानुशतके केला आहे. मग परदेशी पद्धतीच्या उमेदवारीची गरज काय? रागसंगीताचा परिणाम होतो, हे मला मान्यच आहे. ज्याचा कान त्या संगीतात वाढला त्याला संथ आलापीने शांत वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण तो परिणाम ऐकणाऱ्याच्या आयुष्याशी बांधलेला असतो. जात्यावरच्या ओव्या, पहाटेची भूपाळी, गावच्या भजनी मंडळाचा टाळ-मृदंग यांत ज्या आजींचे आयुष्य गेले, त्यांच्या स्मृतिभ्रंशात ओवीची एक ओळ जे दार उघडेल, ते दरबारी कानडा उघडेलच असे नाही. स्मृतिभ्रंशात इतर स्मृती विरत असताना ओळखीच्या गाण्यांची स्मृती तुलनेने अधिक टिकते, आणि ती गाणी कोणती, हे त्या माणसाला आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. न्यू जर्सीतल्या वृद्धाश्रमात एखाद्या मराठी आजोबांची गाठ तिथल्या उपचारकाशी पडली, तर त्याचा पहिला प्रश्नही हाच असायला हवा. १९४०च्या दशकात मिशिगनमधल्या इरा आल्टशुलर या मनोविकारतज्ज्ञाने मांडलेले तत्त्व याच दिशेचे आहे: रुग्णाची मनःस्थिती जशी आहे तिथून संगीत सुरू करावे आणि हळूहळू त्याला हव्या त्या स्थितीकडे न्यावे. अस्वस्थ, येरझाऱ्या घालणाऱ्या माणसावर एकदम शांत राग लादला तर तो अधिकच चिडू शकतो. रागाची यादी ही सुरुवात कुठून करायची ते सांगत नाही, कारण तिला समोरचा माणूस माहीतच नसतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे: ध्वनिमुद्रित संगीतानेही फायदा होतो, मग उपचारक हवाच कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. फिनलंडमधील टेप्पो सार्कामो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पक्षाघातानंतर दोन महिने रोज किमान तासभर आपल्या आवडीचे संगीत ऐकलेल्या रुग्णांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली, आणि उदासीही कमी राहिली. शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी करायला हेडफोन पुरतात, असेही अनेक अभ्यासांतून दिसते. त्यामुळे जिथे ऐकण्याने काम भागते तिथे उपचारकाची सक्ती करणे चुकीचे ठरेल. परंतु त्या फिनलंडच्या अभ्यासातही संगीत रुग्णांनी स्वतः निवडलेले होते, कोण्या यादीतून आलेले नव्हते. आणि ध्वनिमुद्रण पावलांची लय मोजू शकत नाही, ओठांकडे पाहून आवाज मागे घेऊ शकत नाही, बाळाची फाकलेली बोटे त्याला दिसत नाहीत. ऐकवणे आणि उपचार करणे यांतली रेषा इथे आहे. नवखा उपचारक ती ओलांडून प्रत्येक ठिकाणी स्वतःची गरज दाखवू पाहतो. चांगली इंटर्नशिप त्याला ‘इथे माझी गरज नाही’ असे म्हणायलाही शिकवते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो पुराव्यावर उभा आहे. स्वमग्न मुलांवर नऊ देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ३६४ मुले, पाच महिने, आणि प्रशिक्षित उपचारकांनी घेतलेली उत्स्फूर्त संगीताची सत्रे. तरीही सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत, नेहमीची काळजी घेतलेल्या मुलांच्या तुलनेत, लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे २०२२ मध्ये कॉक्रेन संस्थेने २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एकूण सुधारणा आणि जीवनमान यांत लाभाची शक्यता दिसली, पण सामाजिक देवाणघेवाणीवर ठळक परिणाम दिसला नाही. मग उमेदवारीने काय साधले, असे कोणी विचारले तर तो प्रश्न टाळता येणार नाही. प्रशिक्षित हात म्हणजे हमखास यश, असा माझा दावा नाही. प्रशिक्षणाने मिळते ती आपल्याच कामाची तपासणी करण्याची शिस्त. ‘मूल बरे होईल’ असे आश्वासन न देता ‘सहा आठवड्यांत ते ढोलकीवर आपली पाळी येईपर्यंत थांबू लागते का, ते पाहू’ असे नेमके उद्दिष्ट ठरवणे, ते मोजणे, आणि नाही साधले तर पालकांना तसे स्पष्ट सांगणे, ही ती शिस्त. ज्या क्षेत्रात पुरावा काही ठिकाणी भक्कम आणि काही ठिकाणी कच्चा आहे, तिथे अशा प्रामाणिक माणसाची गरज अधिक असते.

आणि संगीत निरुपद्रवी असते, या समजुतीलाही छेद द्यायला हवा. दिवंगत जोडीदाराचे आवडते गाणे अवचित कानावर पडले तर शोक उसळून येतो. तो शोक कधी मोकळे करतो, कधी माणसाला पार कोसळवतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना विशिष्ट आवाज असह्य होतात. क्वचित काही जणांना तर विशिष्ट संगीताने फिटही येते. म्हणून गाणे सुरू करण्याआधी काय विचारायचे, अश्रू आले तर गात राहायचे की थांबायचे, आपल्या आवाक्याबाहेरचे दिसले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी सोपवायचे, हे शिकणे अनिवार्य आहे. अंथरुणाला खिळलेल्या, अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये काम करताना स्वतःचे मन कसे जपायचे, रुग्णाशी जडलेली माया आणि व्यावसायिक मर्यादा यांचा मेळ कसा घालायचा, आणि सत्रांची मालिका संपते तेव्हा निरोप कसा घ्यायचा, हेही त्यातच आले. या गोष्टी मार्गदर्शकाशी दर आठवड्याला होणाऱ्या मोकळ्या चर्चेतूनच अंगी बाणतात, कारण आपले कुठे चुकते आहे ते गाणाऱ्याला गाताना दिसत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. अमेरिकेतही अनेक इंटर्नशिप बिनपगारी असतात आणि त्यामुळे गरीब घरातली मुले या क्षेत्रात मागे पडतात, ही तक्रार रास्त आहे. तिच्यावरचा उपाय उमेदवारांना विद्यावेतन देणे हा आहे. उमेदवारीच छाटून टाकणे हा नाही. भारतात तर प्रशिक्षित उपचारकांची संख्या फारच थोडी आहे, म्हणून आठवड्याच्या शिबिरानंतर प्रमाणपत्रे वाटावीत, असा मोह होणे समजू शकते. पण ज्या देशात एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला बारा महिने इंटर्नशिप करावी लागते आणि ज्या संगीतपरंपरेत गुरूसमोर वर्षानुवर्षे तालीम घेतल्याशिवाय कोणी स्वतःला गवई म्हणवत नाही, तिथे या दोन्हींच्या सांध्यावर उभ्या असलेल्या कामाला आठवडा पुरेल, असे मानण्याला आधार नाही. पुदुच्चेरीतल्या श्री बालाजी विद्यापीठासारख्या वैद्यकीय विद्यापीठात संगीतोपचाराचे केंद्र उभे राहिले आहे. रुग्णालयाच्या आत, डॉक्टरांच्या बरोबरीने शिकवण्याचा हा मार्ग महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनाही मोकळा आहे. आपल्याकडे गायक-वादकांची वाण नाही, रुग्णालयांचीही नाही. उणीव आहे ती या दोघांना जोडणाऱ्या, देखरेखीखालच्या शिक्षणाची.

तोवर रुग्णाच्या नातेवाइकांच्या हातात एक साधी कसोटी आहे. संगीताने उपचार करतो असे म्हणणाऱ्याला राग कोणता लावणार हे न विचारता चार प्रश्न विचारावेत. माझ्या माणसासाठी तुमचे उद्दिष्ट काय? ते साधले की नाही हे कसे मोजणार? तुम्ही रुग्णांमध्ये कोणाच्या देखरेखीखाली, किती काळ काम केले? आणि कोणत्या परिस्थितीत तुम्ही थांबाल? या चारही प्रश्नांना जो सरळ उत्तर देईल, त्याच्या सुरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. जो उत्तराऐवजी यादी पुढे करील, त्याचे गाणे आनंदाने ऐकावे, पण रुग्ण त्याच्या हवाली करू नये.